अधिकातली पौर्णिमा

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

खारदांडा,
२० जून १९७७

सौ. विहीणबाई मंजुळाबाई यांना मथुरेचा नमस्कार. व्याह्यांनाही सांगावा. चंदूला आणि राधेला आशीर्वाद.

इथे सगळी खुशाल आहेत. आमच्या सासूबाईंचे, म्हणजे सखुबाईंचे, गुडघे पावसाळ्यात बोलायचे ते बोलतात, आणि गुडघ्यांपेक्षा त्या स्वतः जास्त बोलतात. ह्यांनी नाव वर ओढून झापांनी शाकारून ठेवली. आता दिवसभर अंगणात जाळ्याला गाठी मारत बसतात आणि चहा मागतात. तुम्ही पाठवलेला जवळा पोचला. नुसता वास घेऊन सासूबाई म्हणाल्या, "मढचा जवला हाय. वालू नाय त्यात." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मिळालेलं नाही, म्हणून मुद्दाम कळवते.

तुम्हाला हे पत्र राधाच वाचून दाखवणार, तेव्हा तिला दोन शब्द. राधे, पुटपुटू नको. सासूला ऐकू जाईल असं वाच, आणि अक्षर लागलं नाही तर थांबून लाव, अंदाजाने पुढे जाऊ नको.

विहीणबाई, राधाच्या मागच्या पत्रातून तुमचा निरोप मिळाला. अधिकातल्या पौर्णिमेला जावयाचं धोंड्याचं वाण घ्यायला येताय, तीसेक माणसं असतील म्हणून. वाचून आनंद झाला. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी जरा दुसरीकडून येते.

आमच्या चुलीवरच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. म्हणजे आता कॅलेंडर नाही, नुसतं चित्र. खारच्या एका वाण्याने दिलेलं, वेरूळच्या कैलास लेण्याचं. वर्ष संपलं तेव्हा तारखांचे कागद मी चुलीत घातले, पण चित्र काढवेना. धुराने काळं पडलं तरी त्यातले हत्ती अजून दिसतात. राधा लहान असताना विचारायची, "आये, हे कनं हाय?" मी म्हणायची, कुठे ते जाऊ तेव्हा बघू. ती तुमच्याकडे नांदायला आली, तरी आमचं 'तेव्हा' काही उगवलं नाही.

बाजारात माझ्याकडे नलिनीबाई म्हणून एक शाळामास्तरीण येतात. घासाघीस करत नाहीत म्हणून मला आवडतात, फक्त प्रश्न फार. दर जूनमध्ये मे महिन्यात कुठे कुठे फिरून आल्या ते सांगतात आणि शेवटी विचारतात, "मथुराबाई, तुम्ही सुट्टीत कुठे जाता?" माझं उत्तर ठरलेलं. "आमी कनं जातो बाय, आमच्याकडं मासलीच सुट्टीवर जाते!" त्या हसतात, मी हसते, पापलेट पिशवीत पडतं. यंदा मला हसू आलं नाही. का ते माहीत नाही. घरी आले, पाटी उपडी घातली आणि ह्यांना म्हटलं, "आपुन वेरूलला जाव. कवा जाव ते बोला."

ह्यांनी जाळ्यातून मान वर केली. "जाव की. कवापन जाव."

आता 'कधीपण' म्हणजे 'कधीच नाही', हे लग्न झालेल्या बाईला कोणी शिकवायला नको. मी म्हटलं, महिना बोला. मग आम्ही दोघं महिने मोजायला बसलो. शिमग्यात कोळीवाडा सोडून जाईल तो कोळी कसला. चैत्रात एकवीरेला तर जातोच की, असं हे म्हणाले. जातो खरे, पण तिथे तीन दगडांची चूल मांडून सगळ्या गोताचं जेवण मी रांधते. त्याला सुट्टी म्हणायचं तर मला रोजच सुट्टी आहे. वैशाखात लग्नं, शिवाय वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, ते सोडून जायचं तर कावळ्यांनाच राखण सांगावी लागेल. मग नाव ओढायची, शाकारायची. आषाढात पुरुष मोकळे, तर आम्ही बायका सुकं घेऊन दारोदार. श्रावणात नारळी पौर्णिमा झाली की दर्या खुला, मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि पुढे ऐन मासळीचे दिवस. वर्ष फिरून पुन्हा शिमग्यावर आलं आणि ह्यांनी चहा मागितला.

याआधी दोनदा महिना ठरलाही होता. एकदा दिरांचं लग्न निघालं, एकदा नवी नाव पाण्यात उतरवायची होती. दोन्ही वेळा मीच म्हटलं, असू दे, पुढच्या वर्षी. माझी तारीख म्हणजे बंदरावरची रिकामी होडी. ज्याला जागा हवी त्याने बाजूला ढकलावी.

पण यंदा चहाला आधण ठेवता ठेवता डोक्यात आलं, की या वर्षी श्रावण दोन आहेत, आणि पहिला अधिक. म्हणजे नारळी पौर्णिमा एक महिना लांब आणि नावही तेवढीच झापाखाली. खारची गिऱ्हाइकं दोन्ही श्रावण पाळणार म्हणून आतापासून सांगून बसलीत, म्हणजे माझी पाटीही रिकामी. सण नाही, लग्न नाही, मासळी नाही. एक अख्खा महिना, आयता, कोणाच्याच नावावर नसलेला! मी तो माझ्या नावावर केला.

दुसऱ्याच दिवशी दादरला जाऊन दोघांची तिकिटं काढली. मनमाडपर्यंत मोठी गाडी, पुढे छोटी. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, एवढ्या पावसात औरंगाबादला आहे काय?" म्हटलं, "तिथं दर्या नाय, ते हाय." नलिनीबाईंनी तिथल्या एका लॉजला कार्ड टाकलं. धर्मशाळा नको, लॉजच हवी, असं मी निक्षून सांगितलं होतं. दुसऱ्याने केलेला चहा मला अंथरुणावर बसून प्यायचा आहे.

जेवताना घरात सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. "आनि जावयाचं वान कोन देल गो? पोरीचा पयला धोंडा हाय!"

विहीणबाई, मी साफ विसरले होते. अधिक म्हटल्यावर मला नाव आठवली, जावई आठवला नाही. आजवर मला जावई होता कुठे? आधीच्या सगळ्या अधिकांत मी सून होते, सासू पहिल्यांदाच झालेय. कोळणीच्या डोक्याने महिना मोजला, सासूच्या डोक्याने मोजायचा राहिला. त्यानंतर चार दिवसांनी तुमचा पौर्णिमेचा निरोप आला. आमची गाडी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. तारीख बदलता येते. खिडकीवर जायचं, थोडे पैसे कापून घेतात. पण मी बदलणार नाही. वाण मी हौसेने करीन, तेहेतीस अनारसे, दिवा, कपडे, कशात कमी पडणार नाही. आम्ही परत आल्यावर अमावास्येपर्यंत पुष्कळ दिवस आहेत, त्यातला तुम्हाला आवडेल तो धरा. फक्त पौर्णिमा नको. मुलीकडच्यांनी दिवस सांगायचा आणि मुलाकडच्यांनी सरकायचं, हे आपल्यात कधी झालेलं नाही. मला ठाऊक आहे. तरी विचारते.

ह्यांनी तोडगा काढला होता. "देवाला जातो बोल ना, घृष्णेश्वराला. मंग कोन आडवल?" कोणी अडवणार नाही. पण मी देवाच्या आडून जाणार नाही. मला फिरायला जायचंय, नुसतं फिरायला.

राग आला तर माझ्यावर काढा, मी झेलीन. राधाला काही बोलू नका. खरं सांगायचं तर त्याच भीतीने एवढं लांबण लावलं.

आपली विहीण,
मथुरा


॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

खारदांडा,
१२ जुलै १९७७

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र चंदूने वाचावं. राधेने नाही. चंदू, तू जावई, तुला हुकूम सोडायचा नसतो, पण एवढं ऐक.

काल मढच्या बायका सुकं घेऊन आमच्या बाजारात आल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "मंजुला लय खूश हाय तुज्यावर. पुनवेला तीस नाय, चालीस जनं येतो बोलली. काय गोड पत्तर लिवलंस गो!"

मी तिथेच ओळखलं. माझ्या पत्रातला जवळा पोचला, कॅलेंडर पोचलं, नलिनीबाई पोचल्या, आणि तारीख तेवढी वर्सोव्याच्या खाडीत पडली. राधे, मी रागावले नाही गं. सासूसमोर बसून आईचा हट्ट वाचून दाखवायचा, हे काम मी तुझ्यावर टाकायलाच नको होतं. तुझ्या वयाची असताना मी तर अख्खं पत्रच चुलीत घातलं असतं.

तर विहीणबाई, आता चंदूच्या तोंडून सरळ ऐका. पौर्णिमेला मी घरी नाही. आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने मी वेरूळ बघायला चाललेय. देवाला नाही, कोणाच्या लग्नाला नाही, फिरायला. मागच्या पत्रात तुम्हाला दिवस बदलायला विनवलं होतं, ते तुमच्यापर्यंत आलंच नाही. आता चाळीस जणांना सांगून झाल्यावर तो बदला म्हणणं बरं नव्हे. म्हणून तुमची पौर्णिमा तुमच्याकडे राहू दे. वाण त्याच दिवशी होईल.

मी नसताना कसं होईल, तेही ऐका. तुमचे व्याही, म्हणजे आमचे हे, मागे सरले. "मी नाय येत. इहीनबायला काय तोंड दाखवू?" म्हणाले. तोंड दाखवायची एवढी हौस आहे तर घरी राहून दाखवा, असं मी म्हटलं. तेव्हापासून ते पुरण शिजवायला शिकताहेत. सासूबाई ओट्यावर बसून शिकवतात, आणि शिकवताना जे बोलतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पहिलं पुरण पातेल्याला लागलं. दुसरं पातळ झालं, ते आम्ही आमटी म्हणून खाल्लं. पण माणूस चिकाटीचा आहे.

मला आधी वाटलं, सासूबाई आता तिकिटं फाडायला लावतात. परवा अनारशाचं पीठ मळत होते तर शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सासू नाय तर आजेसासू वान देल. मी काय मेलेली नाय. तू जा गो. मी कवा गेली नाय, मना कोनी इचारलं पन नाय." एवढं बोलून पीठ घट्ट झालंय म्हणून मला चार शब्द सुनावले आणि उठल्या. मी पिठात तोंड घालून रडले. ते चंदूने वाचलं तरी चालेल.

आता मुख्य. ह्यांचं तिकीट मी परत केलेलं नाही.

गेल्या वैशाखातलं आपल्या पोरांचं लग्न आठवतं? पंगती उठल्या, वरात घरात गेली. तुम्ही मांडवामागे पालथ्या टोपावर पाय पसरून बसला होतात. मी पाणी घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "लगीन पोराचं, नाच गावाचा, आनि पाय मोडले माजे. असं वाटतं कनंतरी पलून जावं. पन कनं, तेच समजत नाय." मग कोणीतरी हाक मारली आणि तुम्ही उठून गेलात. मी तो गडवा हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, ही बाई माझ्या मनातलं बोलून गेली आणि मी हिला अजून विहीणबाई म्हणतेय.

विहीणबाई, तुम्ही येता का माझ्याबरोबर?

राधाला त्रास होऊ नये म्हणून तुम्हाला गोड करतेय असं समजू नका. थोडं तेही आहे, खोटं कशाला बोलू? पण तिकीट हातात घेऊन बसले तेव्हा दुसरं नाव डोळ्यांपुढे आलंच नाही. चाळीस माणसांना काय सांगायचं ते तुम्ही बघा, माझ्यापेक्षा तुम्हाला बोलता चांगलं येतं. मी दादरला मोठ्या पुलाच्या जिन्याखाली उभी असेन, हिरव्या लुगड्यात. आलात तर माझ्यासारखी सुखी मीच. नाही आलात तर एकटी जाईन. कोळीवाडे दोन्हीकडचे बोलतील. बोलू देत, पावसाळ्यात त्यांना तरी दुसरं काम काय आहे?

चंदू, वाण तुझं आहे. तुला वाईट वाटलं असेल तर तूही कळव. तेवढं मात्र मला सोसणार नाही.

वाट बघणारी,
मथुरा


औरंगाबाद,
३१ जुलै १९७७

माझी लाडकी राधा, तुला आईचे पोटभर आशीर्वाद. जावयालाही.

हे पत्र कोणाला वाचून दाखवायचं नाही. तुझं एकटीचं आहे. पुटपुटत वाचलंस तरी चालेल.

तुझी सासू माझ्या शेजारच्या खाटेवर पाय लांब करून बसलीय आणि मला विचारतेय, काय काय लिवलंस. मी म्हटलं, तुझी निंदा. ती म्हणते, मंग सविस्तर लिव.

चंदूने तिला पहाटे होडीने वर्सोव्याला सोडलं हे तुला माहीत आहे. पुढचं ऐक. मी दादरला जिन्याखाली उभी. गाडी लागली तरी हिचा पत्ता नाही. माणसं चढली. मी पण चढले, खिडकीशी बसले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर माझी पिशवी ठेवली. मनाला बजावलं, मथुरे, रडायचं नाही, तू सुट्टीवर आहेस. तेवढ्यात फलाटावरून आवाज आला, असा की हमालसुद्धा बाजूला झाले. "मथुरे! ए मथुरे! कनच्या डब्यात हायेस गो?"

बघते तर कासोटा खोचलेला, डोक्यावर मासळीची पाटी, आणि पाटीत तिचं सगळं सामान! तुझी सासू धावतेय. म्हणे, हातात ओझं धरून चालता येत नाय, डोक्यावर असलं की बरं वाटतं. पाटीला वास असा की आमच्या बाकावर मनमाडपर्यंत तिसरं कोणी बसलं नाही. दोघी ऐसपैस आलो.

चाळीस माणसांचं काय केलंस, असं मी विचारलं. तुला ते आधीच कळलं असेल, पण तिच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे. "बोलली त्यांना, वान जावयाचं, तर चालीस तोंडं कशाला? जावई जाल, सून जाल. मी चालली फिराला. ते बोलले, कुनासंगती? मी बोलली, माज्या इहिनीसंगती. मंग कोन बोलतंय?"

कसाऱ्याचा घाट चढला तशी तिने माझी खिडकी घेतली. खिडकीतून तोंड बाहेर काढून बसली होती. मग म्हणाली, "मथुरे, वारा खारट नाय गो." मी पण जीभ ओठांवरून फिरवून बघितली. खरंच नव्हता. जन्मापासून आपल्या ओठांवर मीठ असतं, हे आम्हाला घाट चढल्यावर कळलं.

लॉजमध्ये काल सकाळी पोऱ्याने दारावर टकटक करून चहा आणून ठेवला. तुझी सासू पिऊन झाल्याबरोबर कप उचलून मोरीकडे निघाली. मी पदर धरून तिला खाली बसवलं.

"बस."

"कप धवाचे नाय?"

"नाय."

"मंग कोन धवल?"

"ते आपुन इचाराचं नाय."

मग आम्ही दोघी त्या उष्ट्या कपांकडे बघत बसलो. आधी ती हसायला लागली, मग मी. पोऱ्या कप न्यायला आला तेव्हा आम्ही डोळे पुसत होतो. त्याला वाटलं, बायांचं कोणीतरी गेलं.

आणि राधे, मग आम्ही वेरूळ बघितलं! काय लिहू? तुला लहानपणी दाखवायची ते हत्ती मी हाताने चाचपून आले. बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्यात. चित्रात ते कळत नव्हतं, आपला धूर मध्ये होता. पण केवढे उभे आहेत गं, अख्खं देऊळ पाठीवर घेऊन! तुझ्या सासूने एकाच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे पन बायामानसंच असतील मागल्या जल्मी." तिथे एक माणूस लोकांना माहिती सांगत होता, आम्ही फुकट ऐकून घेतली. म्हणे, हे देऊळ खालून वर बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलंय. आधी कळस, पाया शेवटी. मला एवढं बरं वाटलं! घरी सगळे मला सांगत होते, आधी सवड बघ, आधी कारण बघ, आधी माणसांना विचार, मग तारीख ठरव. मी तारीख आधी धरली आणि बाकीचं तिच्याखाली कोरत आणलं. म्हणजे अशी कामं होतात.

घृष्णेश्वराला येता येता हात जोडले. त्याला सांगितलं, रागवू नको, पण तुझ्यासाठी आलो नव्हतो.

दुपारी लेण्याच्या कडेला, वरून पाणी कोसळत होतं तिथे आडोशाला बसून डबा उघडला. आता एक गुपित सांगते. चंदूच्या वाणाचे तेहेतीस अनारसे मी घरी नीट रचून ठेवले होते, ते तुम्ही खाल्लेच असतील. पण ते तेहेतीस निघेपर्यंत त्याहून जास्त तुपात हसले. पार विरघळून जाळी झाली. ते हसलेले सगळे मी लपवून डब्यात भरले होते. विहिणीसमोर डबा उघडताना मी त्यातले जरा बरे तुकडे वर केले. तिने एक तुकडा उचलला, बघितला आणि म्हणाली, "तुजे पन हसतात?" मी म्हटलं, दर खेपेला. ती म्हणाली, "माजे तर रडतात पन. गावात कोनाला बोलू नको." काल पौर्णिमेच्या दिवशी जावयाचं वाण जावयाने खारदांड्याला खाल्लं आणि त्याचा चुरा त्याच्या आईने आणि सासूने वेरूळला खाल्ला. डबा आम्ही बोटांनी निपटून काढला.

तिथेच मी तिला विचारलं, राधेने पत्रातलं गाळलं म्हणून तिला काही बोलली नाहीस ना? तुझी सासू काय म्हणाली ते तसंच लिहिते. "पोर वाचता वाचता थांबली आनि एकदम खालचं 'आपली विहीण' वाचून पत्तर मिटलं. मना वाचता येत नाय, पन मानूस येतं. मना समजलं, कायतरी गाललंय. दुसऱ्या दिवशी चंदूकडून सगलं वाचून घेतलं." म्हणजे राधे, चाळीस माणसं तिने माझी तारीख कळल्यावर बोलावली होती! मी डबाच खाली ठेवला. म्हटलं, का गं? तर म्हणते, "बगू बोलली, मथुरा हलते का. तू तारीक बदलली असतीस ना, तर मी चालीस जनं घेऊन आली असती, जेवली असती, तुजी साडी-चोली घेतली असती आनि तुला इसरून गेली असती. तू हलली नाय, तवा मना वाटलं, हिच्यासंगती जावं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. बेचाळीस वर्षांची बाई मी, आणि उघड्यावर, लोकांच्या येण्याजाण्यात. तारीख कोणाचीच हलली नाही राधे. हललो आम्ही दोघी.

तुझ्या बापाचं पुरण कसं झालं ते कळव. लागलं असेल तरी चांगलं झालं म्हण, पुढच्या वेळेला उपयोगी पडेल. तुझ्या आजीने वाण देताना काय पांघरलं होतं, जावयाला काय बोलल्या, सगळं लिही. त्यांच्यासाठी इथून एक शाल घेतलीय. आणि कुठे जायचंय हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही ना, ते मी आता घरी गेल्या गेल्या विचारणार आहे. नलिनीबाईंना यंदा मी आधी सांगणार, मग पापलेट देणार.

उद्या दौलताबादचा किल्ला. तुझी सासू आताच विचारत होती, "मथुरे, परत अधिक कवा?" मी म्हटलं, तीन वर्षांनी. तिने तोंड वाकडं केलं. "तीन वर्सं कोन थांबल? आपल्याला आता यायचं समजलं. आता कनचापन म्हयना चालल." वर म्हणाली, "आनि पोरीला पन घेव. तिच्या पायात पोरंबालं यायच्या आदी."

मी तेच लिहिणार होते. फक्त एक अट माझी. राधे, तारीख आम्ही ठरवणार नाही. तू ठरव. घरात काय आहे, बंदरावर काय आहे, कोण काय म्हणेल, यातलं काही बघू नको. तुला कधी जावंसं वाटतं तेवढं बघ आणि आम्हाला सांग. आमच्या असतील नसतील त्या तारखा आम्ही हलवू. तेवढं आम्हाला फार चांगलं येतं.

तुझी,
आई

आणि तुझी सासू. तिला सही करायची होती, पण दौतीत बोट बुडवायला तयार नाही, म्हणते बाजारातल्या पावतीसारखं दिसतं. म्हणून तिने डब्याच्या तळातल्या तुपात अंगठा बुडवून इथे खाली उमटवलाय. डाग पडला म्हणून पुसायला जाऊ नको. ती मंजुळा आहे.